मिसेस वायचे तीन रकाने

आमच्या केपलर्स फेरी या गावात माणूस जन्मला की त्याचं नाव चर्चच्या वहीत चढतं आणि मेला की दफनभूमीच्या. या दोन्ही वेळी त्याला कोणी विचारत नाही. मधे एकदा, सतराव्या वर्षी, ते नाव मिसेस वायच्या पिवळ्या वहीत चढतं. तेव्हा मात्र त्याला बसवून, चॉकलेट देऊन, नीट विचारतात आणि मग बाईंना योग्य वाटेल ते लिहितात.

मिसेस वाय म्हणजे ग्लेंडा युर्कोविच, आमच्या हायस्कूलच्या काउन्सेलर. एवढं आडनाव घेईपर्यंत मधली सुट्टी संपते, म्हणून मुलांनी पहिलं इंग्रजी अक्षर ठेवून बाकीचं माफ करून टाकलं. मी नुसतं बाई म्हणतो. माझी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा त्यांच्या खोलीच्या बरोबर समोर आहे, त्यामुळे एकोणीस वर्षं माझं निम्मं लक्ष नळ्यांकडे आणि निम्मं त्यांच्या दाराकडे असतं. दोन्हीकडे अधूनमधून काहीतरी उकळतं.

शेवटच्या वर्षाच्या मुलांनी कोणत्या कॉलेजांना अर्ज करायचे, ते ठरवून देणं हे बाईंचं काम. वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा मारायच्या, तीन रकाने पाडायचे. डावीकडे उडीची कॉलेजं, जिथलं दार उघडेल न उघडेल. मधे जोगती, म्हणजे त्यांना आपण शोभतो आणि आपल्याला ती. उजवीकडे हुकमी. तिथून होकाराचं पत्र येणारच. यादी समतोल हवी, तीनही रकाने सारखे भरलेले हवेत, हे बाई प्रत्येक मुलाला सांगत. वर आणखी एक नियम सांगत: हुकमी म्हणजे नाइलाज नव्हे, जिथे आनंदानं जाशील तेच उजवीकडे लिही.

बाईंचा नवरा लेनर्ड या नियमाचा फायदा घेतो. कोणाच्याही घरी जेवायला गेला की स्वतःची ओळख करून देतो, "मी उजव्या रकान्यातला. डाव्यातले कुठे गेले ते विचारू नका."

"आनंदानं लिहिला होता हो," बाई म्हणतात.

"ते त्यांनी लग्नानंतर सांगितलं."

नियम सुंदर होता. बाई तो रोज सांगत आणि रोज मोडत. मुलांच्या याद्या समोर ठेवल्या तर उजवा रकाना पाच-पाच नावांनी फुगलेला, मधे दोन, आणि डावीकडे एखादं नाव, पाहुण्यांच्या घरी आलेल्या लाजऱ्या पोरासारखं कोपऱ्यात. बाईंचा स्वभावच तसा झाला होता. गाडीत जादा टायर दोन. चर्चच्या मासळीच्या जेवणाला कोबीची कोशिंबीर न्यायची तर वाडगी दोन, आणि तिसरं गाडीत, ती दोन्ही पडली तर. आमचे मुख्याध्यापक दरवर्षी पदवीदानाला व्यासपीठावरून सांगत की इतक्या वर्षांत मिसेस वायचं एकही मूल कॉलेजावाचून राहिलेलं नाही. सगळे टाळ्या वाजवत. बाई त्या वेळी जमिनीकडे बघत.

त्या का बघतात, ते मला एका स्टेपलरमुळे कळलं. मागच्या ऑगस्टमध्ये मी तो मागायला गेलो. बाई खोलीत नव्हत्या, टेबलावर नवी पिवळी वही उघडी होती. अजून एकही मूल शाळेत आलं नव्हतं, तरी पहिल्या पानावर यादी होती. वर नाव, डॅरिल होव्हानेक. खाली तीन रकाने, खाडाखोड, बाण, पुन्हा खाडाखोड.

डॅरिल होव्हानेक म्हणजे झेलेम्स मार्केटमध्ये मांसाच्या काउंटरवर हॅम कापणारा माणूस. वय बेचाळीस.

मी कपाटातल्या जुन्या वह्या काढून बघितल्या. हे शोभत नाही, पण बघितल्या. प्रत्येक वहीचं पहिलं पान त्याचंच. दरवर्षी त्याच मुलाची यादी नव्यानं, थोडी वेगळी, थोडी सुधारून.

चोवीस वर्षांपूर्वी बाईंचं नोकरीतलं दुसरं वर्ष होतं आणि डॅरिल वर्गात पहिला होता. त्याला तारे बघायचे होते. जिथे जिथे मोठी दुर्बीण होती ती पाच नावं त्यानं डाव्या रकान्यात लिहिली. बाईंनी उजवीकडे एक लिहिलं, सेंट ऑल्डरिक. दोन तासांवरचं लहानसं कॉलेज.

"एक हुकमी पुरे," बाई म्हणाल्या.

"तेही कशाला?" डॅरिल म्हणाला.

तो ते बघायला गेला नाही. अर्जात विचारलं होतं, आमच्याकडेच का यायचंय? त्यानं दीड ओळ लिहिली: जवळ आहे, आणि माझ्या काउन्सेलरनी सुचवलं. बाईंनी ते वाचलं, दोघं मिळून हसले, आणि बाईंनी पाकीट बंद केलं.

मार्चअखेर पाच पाकिटं आली, पाचही पातळ. होकाराचं पाकीट जाड असतं, नकाराला एक कागद पुरतो. मग सहावं आलं. तेही पातळ. सेंट ऑल्डरिकनं त्याला प्रतीक्षायादीत टाकलं होतं. बाईंनी फोन केला तर तिकडचा गृहस्थ अगदी सभ्यपणे म्हणाला, "एवढ्या मार्कांचा मुलगा आमच्याकडे कशाला येतोय, मिसेस युर्कोविच? आम्हीही कागद वाचतो. जागा आम्ही येणाऱ्यांना देतो." प्रतीक्षायादी पुढे सरकलीच नाही.

आणि त्याच वर्षी बाईंनी शाळेत एक नवी हौस सुरू केली होती. कॉलेजला होकार कळवायची शेवटची तारीख एक मे. त्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या कॉलेजचा टी-शर्ट घालून यायचं. एकशे अठरा मुलं आली, लाल, जांभळी, हिरवी, नुसती जत्रा. डॅरिल आला तो कोऱ्या पांढऱ्या शर्टात. छातीवर एक अक्षर नाही. वर इस्त्री केलेली. बाई म्हणतात, शर्ट एक वेळ विसरले असते, इस्त्री नाही विसरता आली. त्यानं केक खाल्ला, सगळ्यांचं अभिनंदन केलं, फोटोत शेवटच्या रांगेत उभा राहिला. पुढच्या वर्षी बघू, म्हणाला. त्या उन्हाळ्यात गिरणीत त्याच्या वडिलांची पाठ कायमची गेली आणि डॅरिल झेलेम्समध्ये लागला. ते पुढचं वर्ष आलंच नाही.

तेव्हापासून बाईंना पांढरं सहन होत नाही. समोरच्या घराला रंग द्यायला पांढऱ्या कपड्यांतला रंगारी शिडीवर चढला तर त्या खिडकीचा पडदा ओढून घेतात. एक मेच्या सकाळी शाळेच्या दाराशी उभ्या राहतात आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाची छाती बघतात. कॉरिडॉरच्या टोकाला, जिथे दिवा नीट लागत नाही, तिथं कोणी उभं नाही ना, तेही बघतात. मला वाटायचं शिस्तीसाठी बघतात.

गावात दुकानं दोन आहेत. बाई दर शनिवारी झेलेम्समध्येच जातात, नंबराचं तिकीट घेतात आणि डॅरिलच्या हातून पाव पौंड हॅम घेतात, आमच्याकडे कापतात तसं, कागदासारखं पातळ. हॅम खारट, आणि लेनर्डला मीठ वर्ज्य. बाईंना हॅम आवडत नाही. ते सगळं डचेस नावाची त्यांची कुत्री खाते. बाईंच्या पश्चात्तापाचं वजन आमच्या गल्लीत डचेसच्या अंगावर दिसतं.

आणि मागच्या सप्टेंबरात बाईंच्या खोलीत ब्रिन होव्हानेक येऊन बसली. डॅरिलची मुलगी. मार्क बापासारखे, हनुवटी बापासारखी, आणि हातात स्वतःच केलेली यादी. सात नावं, सातही डाव्या रकान्यातली.

"सात उड्या," बाई म्हणाल्या. "सर्कशीत जायचंय का?"

"पूल बांधायचेत."

"पूल बांधणारा आधी दोन्ही काठ बघतो, लेकरा."

त्या दिवसापासून यादी आजारी माणसासारखी झडायला लागली. दर आठवड्याला डावीकडचं एक नाव जाई आणि उजवीकडे एक येई. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगपर्यंत, पाच हुकमी, दोन जोगती, आणि डावीकडे एकटं हॅलोरन इन्स्टिट्यूट उरलं. ब्रिन माझ्याकडे नळ्या धुवायला थांबायची. एकदा कागद पुढे केला.

"सर, ही बघा ना. ही माझी यादीच नाही. कोणत्या तरी घाबरट बाईची आहे."

"हळू बोल. ती घाबरट बाई समोरच बसते."

"या पाचांतलं एक कुठल्या राज्यात आहे तेही मला माहीत नाही."

"मग त्यांना सांग तसं."

"सांगितलं. त्या माझ्याकडे बघतच नाहीत सर. माझ्या मागे कोणी तरी उभं असल्यासारखं बघतात. मी एकदा वळूनसुद्धा पाहिलं."

प्रत्येक अर्जाबरोबर काउन्सेलरचं पत्र लागतं. सात पत्रं गेली. आठवं, हॅलोरनचं, जाईना. तिकडची मुदत एक जानेवारी, आणि नाताळासाठी शाळा तेवीस डिसेंबरला बंद. पत्र नसेल तर अर्ज उघडतसुद्धा नाहीत. ब्रिन रोज विचारायची आणि बाई रोज म्हणायच्या, उद्या. शेवटी मी गेलो.

"लिहितेय," बाई म्हणाल्या.

"लिहून झालंय. टेबलावर दिसतंय."

"मग पाकिटात घालतेय."

"बाई, दहा दिवस पाकिटात घालताय. हत्ती असता तर एव्हाना बसला असता."

त्या हसल्या नाहीत. पत्रावर हात ठेवून म्हणाल्या, "तू तेव्हा इथे नव्हतास. तू तो शर्ट बघितला नाहीस. हिनं उडी मारली आणि पडली, तर मी त्या दारात दुसऱ्यांदा कशी उभी राहू? त्याच हनुवटीखाली तोच शर्ट?"

मी स्टेपलर घेऊन परत आलो. स्टेपलर मला नको होता.

त्या शनिवारी झेलेम्समध्ये बाईंचा नंबर अठ्ठावन्न होता आणि माझा एकोणसाठ.

"अठ्ठावन्न," डॅरिलनं पुकारलं. पांढरा शर्ट, पांढरा एप्रन. "नेहमीचं, मिसेस वाय?"

"पाव पौंड. पातळ."

यंत्र सुरू झालं. दोन-चार काप पडले आणि त्यानं ते बंद केलं. हात पुसले.

"डचेस कशी आहे?"

"बरी आहे. का रे?"

"हॅम तीच खाते ना? लेनर्ड म्हणाले. डॉक्टरनी तिचं मीठ बंद केलंय, तेही म्हणाले."

रांगेत कोणी तरी हसलं. बाईंनी तिकिटाची घडी घातली.

"आवडत नाही तर नेता कशाला?" डॅरिलनं विचारलं.

"तुला बघायला येते."

"मला कुठे बघता? माझ्या शर्टाकडे बघता. चोवीस वर्षं मयताला आल्यासारख्या उभ्या राहता इथे. मी जिवंत आहे हो, मिसेस वाय. माझं कोलेस्टेरॉलसुद्धा ठीक आहे."

"डॅरिल, माझं अर्धा पौंड चीज," मागून एक आजी म्हणाल्या.

"तुमचा साठ नंबर आहे, आजी. साठ वर्षं थांबलात, दोन मिनिटं थांबा." तो पुन्हा बाईंकडे वळला, आवाज उतरवला. "दोन वर्षं मी तुमच्यावर चिडून होतो. खोटं कशाला सांगू? मग कामाला लागलो, लग्न झालं, पोरगी झाली. माझं मागे पडलं. तुमचं नाही पडलं, ते तुमचं तुम्ही बघा. पण माझं भूत माझ्याच पोरीच्या मानेवर बसवू नका."

"मी तिला वाचवतेय."

"पाच हुकमी देऊन? त्यातलं एकही तिनं बघितलेलं नाही. माझं तर एकच होतं, तेही मी बघितलं नव्हतं. तुम्ही बघितलं होतं?"

बाईंनी काचेतल्या सॉसेजांकडे बघितलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"एवढंच विचारायचं होतं मला. कधीपासून विचारायचं होतं." त्यानं हॅम गुंडाळून पुडी पुढे केली. "तिचं पत्र पाठवा, मिसेस वाय. एकोणसाठ."

एकोणसाठ मी होतो. मला काय घ्यायचं होतं ते मी विसरलो आणि चीज घेऊन घरी आलो. ते आजींचं होतं.

सोमवारी बाई भर बर्फात स्वतः पोस्टात गेल्या. पाकिटावर लागत होती त्यापेक्षा दोन तिकिटं जास्त लावली. स्वभाव एका दिवसात बदलत नाही. मग ब्रिनला बोलावून यादी नव्यानं मांडली. डावीकडे तीन: हॅलोरन, आणखी एक, आणि थॉर्नडाइक. मधली दोन होती त्यांत एक नवं. उजवा रकाना बाईंनी संपूर्ण खोडला.

"आनंदानं कुठे जाशील?"

"मला काय माहीत? मी कुठलंच बघितलं नाही."

बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलं, सेंट ऑल्डरिक. त्यांच्याकडे आता पूल शिकवत होते, आणि अर्ज फेब्रुवारीपर्यंत घेत होते. "जाऊन बघ," बाई म्हणाल्या. "माहितीपत्रक नको. पाय ठेवून बघ." मग म्हणाल्या, "मलाही न्या."

जानेवारीत तिघं गेली. डॅरिल गाडी चालवत होता, ब्रिन शेजारी, बाई मागे. तिथल्या एका विद्यार्थिनीनं सगळीकडे फिरवलं. ग्रंथालय, खानावळ, पुलांचे लाकडी नमुने. ब्रिन त्या नमुन्यांपाशी अर्धा तास ओणवी होती. मग टेकडीवर एक लहानसा गोल घुमट दिसला.

"ती आमची वेधशाळा," ती मुलगी म्हणाली. "जुनी आहे. दुर्बीणही फार मोठी नाही. पण पहिल्या वर्षाच्या मुलालाही किल्ली मिळते."

"किल्ली मिळते?" डॅरिलनं विचारलं.

"हो, सर. वहीत सही करायची आणि घ्यायची."

"पूर्वीपासून?"

"आमचे म्हातारे प्राध्यापक सांगतात, अगदी पहिल्यापासून."

डॅरिलनं दिवसभरात दुसरं काही विचारलं नाही. परतताना तासाभरानं, हवेबद्दल बोलावं तसा म्हणाला, "आवडलं असतं मला इथे." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं बाई मला म्हणाल्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. दोन्ही बाजूंना शेतांवर बर्फ, दोन तास नुसतं पांढरं.

परत आल्यावर ब्रिननं सेंट ऑल्डरिकला "आमच्याकडेच का?" याचं उत्तर दीड पान लिहिलं. बाईंनी ते तीनदा वाचलं आणि एकदाही हसल्या नाहीत.

फेब्रुवारी संपता संपता सेंट ऑल्डरिकचं जाड पाकीट आलं. मार्चअखेर हॅलोरननं एका कागदात नाही म्हटलं. दुसऱ्यानंही म्हटलं. त्या आठवड्यात बाईंनी खोलीचा पडदा उघडलाच नाही. एप्रिलच्या दोन तारखेला ब्रिन कॉरिडॉरमधून धावत आली, माझ्या वर्गात घुसली, चुकीचं दार म्हणून परत फिरली आणि समोर शिरली. थॉर्नडाइकचं पाकीट विटेएवढं होतं. मग तीन आठवडे तिला ठरवता येईना. थॉर्नडाइक की सेंट ऑल्डरिक? दोन्ही पाकिटं उशाखाली घेऊन झोपायची, मान अवघडली. बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत हुकमी नाव सोडताना रडलेली ही पहिलीच. शेवटी थॉर्नडाइक.

यंदा एक मे शनिवारी आला, म्हणून शाळेत टी-शर्ट शुक्रवारीच घातले. ब्रिन हिरव्या शर्टात आली. बाई दाराशी उभ्या होत्या, घंटा होईपर्यंत. पांढरा एकही नव्हता.

सोमवारी त्यांनी मला शनिवारचं सांगितलं. काउंटरवर डॅरिल होता. एप्रनच्या गळ्यातून लालसर काठ डोकावत होता. त्यानं एप्रन जरा खाली ओढून दाखवला. सेंट ऑल्डरिक.

"त्या दिवशी तिथल्या दुकानातून घेतला," तो म्हणाला. "तुम्ही गाडीत बसला होतात तेव्हा. त्या वेळच्यापेक्षा दोन मापं मोठा लागला. खरा एक मे आजच आहे ना? नेहमीचं देऊ?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"पाव पौंड म्हणाले. दुसरं काय म्हणणार?"

"चला, गेलं ते भूत एकदाचं."

बाई पडद्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. "गेलं नाही रे. कपडे बदलून आलंय. आधी नुसतं दारात उभं असायचं. आता त्याच्या हातात किल्ली असते."

तेवढ्यात अकरावीची एक मुलगी दारात आली. पुढच्या वर्षीची पहिली. हातात तिची स्वतःची यादी, रकाने नीट आखलेले, तिन्हींत तीन-तीन नावं, पट्टी लावून लिहिल्यासारखी समतोल. मला ती फारच आवडली. बाईंनी मधल्या आणि डाव्या रकान्याकडे बघितलंही नाही. उजव्यावर बोट ठेवलं.

"यातलं कुठलं बघितलंस?"

"एकही नाही, मिसेस वाय. ती तर हुकमी आहेत."

"मग आधी जाऊन ये," बाई म्हणाल्या आणि यादी तिच्या हातात परत दिली. "आणि तिथं पहिल्या वर्षाला कशाची किल्ली मिळते, ते विचारून ये."